देवाची क्षमा अनुभवायची कशी? सीमाभागातल्या ख्रिस्ती घरांतले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठीतून प्रार्थना करणाऱ्या घरांतून पापक्षमेबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. काही उपासनेनंतर दारातच विचारले जातात, काही घरभेटीत चहा संपल्यावर, आणि काही फोनवर, "माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारते" असं म्हणून. उत्तरं मेथडिस्ट परंपरेतून दिली आहेत, त्यामुळे कॅथलिक किंवा पेंटेकॉस्टल वाचकाला काही ठिकाणी पटणार नाही. वचनांचे संदर्भ दिले आहेत, ते पवित्र शास्त्र उघडून पाहावेत.

मी पाप कबूल केलं, प्रार्थना केली, रडलोही. तरी क्षमा झाल्यासारखं वाटत का नाही?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

१ योहान १:९ मध्ये म्हटलं आहे की आपण पापं पदरी घेतली, तर देव विश्वसनीय आणि न्यायी आहे म्हणून क्षमा करतो. तिथे क्षमेचा आधार देवाचा स्वभाव आहे. आपलं रडणं किती खरं होतं, मन किती हललं, याचा त्या वचनात उल्लेखच नाही. आपण मात्र क्षमा झाली की नाही हे स्वतःची नाडी तपासून ठरवतो.

सोसायटीचं कर्ज फिटलं, उताऱ्यावरचा बोजा उतरला, तरी सेक्रेटरी समोरून येताना दिसला की गल्ली बदलणारा शेतकरी तुम्ही पाहिला असेल. त्याच्याकडे एक रुपया बाकी नाही, लपायची सवय तेवढी शिल्लक आहे. त्याने उतारा काढावा आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. तुमचं पाप समुद्राच्या तळाशी टाकलं असं मीखा ७:१९ सांगतं. पूर्वेपासून पश्चिम जितकी दूर तितकं ते दूर केलं, असं स्तोत्र १०३:१२ सांगतं. ख्रिस्त येशूमध्ये असणाऱ्यांना दंडाज्ञा नाही, हे रोमकरांस ८:१. ही वचनं रोज सकाळी मोठ्याने वाचावीत. मन मागून येतं, कधी बरंच मागून.

आपल्याकडच्या साक्षींनीही थोडा घोटाळा केला आहे. माईकवर उभं राहून कोणी सांगतो, "त्या रात्री अंगातून वीज गेली आणि सगळं ओझं उतरलं." ते खोटं नसतं. पण बाकावर बसलेल्या दहा जणांना वाटतं की वीज गेली नाही म्हणजे आपली क्षमाच झाली नाही. खुद्द मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांची गोष्ट पाहा. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर एका छोट्या सभेत रोमकरांस पत्राला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात होती. रात्री पावणेनऊच्या सुमारास वेस्लींना आपलं हृदय ऊबदार झाल्यासारखं वाटलं, आणि ख्रिस्ताने माझीसुद्धा पापं दूर केली अशी खात्री झाली. मेथडिस्ट घरात हे मुलांनाही पाठ असतं. पुढचा भाग मात्र कोणी सांगत नाही. त्याच रात्री घरी परतल्यावर मोहांनी त्यांना पुन्हा घेरलं. ते ओरडून देवाला हाक मारत, मोह पळत, आणि परत येत. हेही त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

येशूचा शिष्य पेत्र याला तर गोड असं काही वाटलंच नाही. त्याने प्रभूला नाकारलं ते कोळशांच्या विस्तवाशी शेकत (योहान १८:१८). पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी येशूने त्याला बोलावलं तेही कोळशांच्या विस्तवाशी (योहान २१:९). नाकारलं तीनदा, प्रश्नही तीनदा. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला असं स्पष्ट लिहिलं आहे. "तुझी क्षमा झाली" हे शब्द त्या संभाषणात कुठेच येत नाहीत. येतं ते काम: माझी मेंढरं चार. कित्येकांना क्षमा अशीच कळते, कोणीतरी पुन्हा विश्वासाने जबाबदारी दिली की.

क्षमा मागताना नेमकं काय म्हणायचं?

पापाचं नाव घ्यायचं. "कळत-नकळत झालेल्या सर्व चुका पोटात घाल" हे वाक्य उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायला ठीक आहे, पण एकट्याच्या प्रार्थनेत त्यामागे छान लपता येतं. दुसऱ्याची बायको घेणाऱ्या दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली तेव्हा दावीद त्या श्रीमंतावर भडकला, न्यायही देऊन मोकळा झाला. "तो मनुष्य तूच आहेस" हे ऐकल्यावरच त्याच्या तोंडून कबुली निघाली (२ शमुवेल १२). दुसऱ्याच्या पापाबद्दल आपण सगळेच न्यायाधीश असतो.

शब्द सुचत नसतील तर लूक १८:१३ मधल्या जकातदाराचं वाक्य घ्या: "हे देवा, मज पाप्यावर दया कर." एका ओळीचं आहे, आणि तो नीतिमान ठरून घरी गेला असं प्रभूने सांगितलं आहे.

कॅथलिक शेजारी फादरांकडे जाऊन कुमसार (पापांची कबुली) करतात. आपल्यात तसं का नाही? आपलं काही अपुरं राहतं का?

क्षमा अपुरी राहत नाही. पण आपण एक चांगली गोष्ट हातची घालवली आहे, असं माझं मत आहे.

कॅथलिक श्रद्धेप्रमाणे योहान २०:२३ मधला पापक्षमेचा अधिकार याजकांकडे आला आहे. १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून वर्षातून निदान एकदा कबुली देणं बंधनकारक आहे, आणि ऐकलेलं फादर कधीही, कोणालाही सांगू शकत नाहीत. मध्यस्थ एकच, ख्रिस्त, या भूमिकेवरून प्रोटेस्टंटांनी ते बंधन काढलं. ल्यूथरने खासगी कबुली मात्र टाकून दिली नव्हती. वेस्लींच्या छोट्या गटांसाठी १७३८ साली जे नियम लिहिले गेले, त्यांत दर आठवड्याला प्रत्येकाला विचारायचा एक प्रश्न असा होता: मागच्या भेटीनंतर तुझ्या हातून कोणती पापं घडली?

आज आपल्या कॉटेज प्रार्थनेत (घरगुती प्रार्थनासभेत) असा प्रश्न कोणी विचारला तर पुढच्या आठवड्यात पोहे उरतील. याकोब ५:१६ तर एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतो. तेव्हा एक माणूस शोधा, ज्याच्या पोटात गोष्ट राहते. पाळकसाहेब असलेच पाहिजेत असं नाही. आपली कबुली ऐकून समोरच्या माणसाने तोंडावर सांगावं, "येशूच्या नावात तुझी क्षमा झाली आहे", आणि आपण ते कानांनी ऐकावं, याने पहिल्या प्रश्नातली अर्धी तक्रार मिटते.

घरातली इतर मंडळी विचारतात, नवस फेडल्याशिवाय, काही वाहिल्याशिवाय पाप फिटतं कसं?

सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जाणारी माणसं आपल्याच नात्यात, शेजारात असतात. त्यांच्या श्रद्धेला हसू नका. चुकलं तर काहीतरी भरपाई झाली पाहिजे, ही जाणीव खरीच आहे आणि जुन्या करारातही ती आहे. लेवीय १६ मधला प्रायश्चित्ताचा दिवस वाचा. ख्रिस्ती उत्तर एवढंच की ती भरपाई ख्रिस्ताने वधस्तंभावर एकदाच केली, आपण तिच्यात भर घालत नाही. पण हेही मान्य करा की पुष्कळ ख्रिस्ती घरांत नवसच चालतो, फक्त नाव बदलून: परीक्षेत पास झालो तर चर्चला पंखा देईन. पंखा जरूर द्या. सौदा करू नका.

दुकानात वर्षानुवर्षं काटा मारला. देवाने क्षमा केली असेल, पण ज्यांना फसवलं त्यांचं काय?

तुम्हाला हा प्रश्न पडला, हेच चांगलं लक्षण आहे. बऱ्याच जणांना पडत नाही.

लोकांना नाडणाऱ्या जकातदार जक्कयाने क्षमा विकत घेतली नाही. येशू आधी त्याच्या घरी उतरला, मग तो उभा राहून म्हणाला की ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट देतो (लूक १९:८). नियमशास्त्रात स्वतःहून कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर एक पंचमांश द्यायचा होता (गणना ५:७). मेंढरू चोरून विकणाऱ्याला चौपट होती (निर्गम २२:१). जक्कयाने स्वतःला चोराचं कलम लावून घेतलं.

तुमचं गिऱ्हाईक कोण होतं हे आठवत असेल तर त्यांना भेटा आणि परत करा. थोडी अब्रू जाईल, जाऊ द्या. बाजारच्या दिवशी कोण येऊन गेलं हे सापडणार नसेल, तर गणना ५ मध्येच पुढच्या वचनात सोय आहे: घेणारा कोणी नसेल तर ती भरपाई परमेश्वराला द्यावी. म्हणजे आजच्या भाषेत गरिबाला, गुपचूप, पावतीवर नाव न छापता. आणि उद्यापासून काटा सरळ.

पुन्हा तेच पाप होतं. दारू सोडतो, पुन्हा धरतो. देव कंटाळत नाही का?

नाही. येशूने पेत्राला साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलं (मत्तय १८:२२), तो स्वतः त्याहून कमी करणार नाही. नीतिमान सात वेळा पडतो आणि पुन्हा उठतो, असं नीतिसूत्रे २४:१६ म्हणतं.

पण क्षमा वेगळी आणि व्यसनातून सुटका वेगळी. दारूचं व्यसन हा आजारही आहे, आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत पुढे जाऊन शपथ घेतल्याने तो बहुधा बरा होत नाही. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर अंग थरथरतं, भ्रम होतो, कधी फिट येते, जीवही जाऊ शकतो. म्हणून सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. उपवास-प्रार्थनेच्या नावाखाली अशा माणसाला खोलीत कोंडू नका.

भावाने बांध कोरला, ऊस नेला. त्याला क्षमा केली नाही तर माझी क्षमा होणार नाही का?

प्रभूच्या प्रार्थनेत आपण दर रविवारी म्हणतो, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." त्यानंतरचं मत्तय ६:१५ कडक आहे: तुम्ही इतरांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुम्हाला करणार नाही. ते सौम्य करून सांगता येणार नाही.

मत्तय १८ मधल्या चाकराचा दाखला जरा आकड्यांत पाहू. राजाने एका चाकराचं देणं माफ केलं, आणि त्याच चाकराने सोबत्याला आपल्या देण्यासाठी तुरुंगात टाकलं. चाकराचं देणं दहा हजार तालांत होतं. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस राबलं तर दोन लाख वर्षं. "मला सांभाळून घ्या, सगळं फेडतो" असं तो म्हणतो, ते ऐकून हसूच येतं. त्याच्या सोबत्याचं देणं होतं शंभर दिनार.

या शंभर दिनारांवरून उपदेशात घाईने पुढे जातात. शंभर दिवसांची मजुरी ही किरकोळ रक्कम नाही. ऊसतोड करणाऱ्या माणसाला विचारा. भावाने केलं ते क्षुल्लक आहे, विसरून जा, असं येशू म्हणत नाही. नुकसान खरं आहे, आणि ते खरं आहे म्हणूनच सोडायचं आहे.

सोडायचं म्हणजे काय? भावाचं वाटोळं व्हावं ही इच्छा सोडायची, त्याच्या मुलांशी अबोला सोडायचा. मोजणीचा अर्ज मागे घ्यायलाच हवा असं नाही. सरकारी मोजणी होऊन खुणेचे दगड बसले तर पुढच्या पिढीचं भांडण वाचेल. आणि हे एका दिवसात होत नाही. आज सोडलं, उद्या विहिरीवर तो दिसला की पुन्हा उसळतं, पुन्हा सोडायचं. साताच्या सत्तर वेळांतल्या बऱ्याचशा वेळा एकाच अपराधासाठी खर्ची पडत असाव्यात.

नवरा मारतो. मंडळीतले म्हणतात, क्षमा कर आणि नांदायला जा. काय करू?

आधी सुरक्षित ठिकाणी जा. ११२ वर पोलीस आणि १८१ वर महिला मदतवाहिनी मिळते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण आणि राहण्याचा हक्क मागता येतो.

क्षमा करणं आणि त्याच छताखाली परतणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुमच्या आणि देवाच्या मधली आहे, तिला लागेल तेवढा वेळ लागू द्या. दुसरी त्याच्या बदलावर अवलंबून आहे, आणि तो बदल तोंडी वचनावर मोजायचा नसतो. "क्षमा कर" म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आधी त्या नवऱ्याच्या घरी जाऊन दाखवावं. क्षमेचं वचन मार खाणाऱ्या बाईवर फेकणं हे त्या वचनाचा गैरवापर आहे, यात दुमत नसावं.

सीमाप्रश्नात आमच्या घराने लाठ्या खाल्ल्या. कन्नड भाषकांना क्षमा करायची म्हणजे मागणी सोडायची का?

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून हा प्रश्न घराघरात आहे, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. ख्रिस्ती माणसाने कोणती बाजू घ्यावी हे हे पान सांगणार नाही. पण दाद मागणं म्हणजे द्वेष नव्हे. प्रेषित पौलाने कैसराकडे (रोमन सम्राटाकडे) दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये २५:११), आणि रोमला पोचल्यावर आपल्याच लोकांना सांगितलं की माझ्या राष्ट्रावर दोषारोप करायला मी हे केलं नाही (२८:१९). हक्कही सोडला नाही आणि माणसंही सोडली नाहीत.

खरी अडचण कोर्टात नसते, ती असते एकाच इमारतीत मराठी आणि कन्नड उपासना असलेल्या मंडळीत: कोणाची वेळ आधी, हॉल कोणाला, नाताळच्या कार्यक्रमात कोणाची गाणी जास्त. तिथे "कन्नड भाषकांना" क्षमा करता येत नाही, कारण पूर्ण भाषेने काही तुमचा अपमान केलेला नसतो. अमक्या माणसाने अमक्या बैठकीत केला. त्या माणसाकडे जा. मत्तय ५:२४ तर अर्पण वेदीपुढे ठेवून जायला सांगतो.

पाप झालं असेल तर प्रभुभोजन घ्यायचं नाही ना?

१ करिंथ ११:२८ म्हणतं, माणसाने आत्मपरीक्षा करावी "आणि मग" खावं. परीक्षा करून जागेवर बसून राहावं असं म्हणत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ठरावीक माणसं मागच्या बाकावरच राहतात, वर्षानुवर्षं. त्यांतली बरीचशी माणसं मेजापाशी गुडघे टेकणाऱ्या काहींहून जास्त अनुतप्त असतात.

क्षमा न होणारं पाप माझ्याकडून झालं असेल का?

पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला क्षमा नाही, हे मार्क ३:२९ वाचून घाबरलेले लोक हे विचारतात. येशूने ते म्हटलं होतं समोर दिसणाऱ्या देवाच्या कामाला सैतानाचं काम ठरवणाऱ्यांना. आदल्याच वचनात सर्व पापांची क्षमा होईल असं आहे. ज्याला भीती वाटते, ज्याला क्षमा हवी आहे, त्याचं मन तसं कठीण झालेलं नाही.

क्षमा झाली तर शिक्षा का भोगायची?

वधस्तंभावरचा चोर त्याच दिवशी सुखलोकात गेला, पण त्याला वधस्तंभावरून खाली उतरवलं नाही. आपल्याला योग्य तीच शिक्षा होत आहे, असं तो स्वतःच म्हणाला होता (लूक २३:४१). हिंडलग्याच्या जेलमध्ये शिक्षा भोगणाऱ्यालाही पूर्ण क्षमा मिळू शकते, आणि शिक्षेचे दिवस तेवढेच राहतात.

देव विसरला असेल, पण गाव विसरत नाही. मंडळीत तोंड कसं दाखवू?

हा दोष बहुतेक वेळा तुमचा नसतो, मंडळीचा असतो. करिंथच्या मंडळीने एकाला शिक्षा केली होती. पौलाने पुढे लिहिलं की आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल (२ करिंथ २:७). म्हणजे माणूस पश्चात्ताप करूनही मंडळीच्या वागण्याने बुडू शकतो, हे पौलाला ठाऊक होतं. आपल्याकडे एखादी मुलगी पळून जाऊन परत आली, एखाद्या खजिनदाराने पैसे खाल्ले आणि भरले, तर वीस वर्षांनीही ओळख त्याच नावाने होते. लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ, धाकटा परत आला म्हणून रागावून, घराबाहेर उभा राहिला, बापाने समजावलं, आणि तो आत गेला का हे येशूने सांगितलं नाही. ते उत्तर मंडळीने द्यायचं आहे.

तुम्ही मात्र या. मागे बसलात तरी चालेल. काम मागा: चटया घालणं, लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या) प्रार्थनांना म्हाताऱ्यांना गाडीवरून आणणं. खजिनदाराने पुन्हा खजिना मागू नये. विश्वास परत मिळायला वेळ लागतो आणि तो लागावाच.

वर्षं झाली, अपराधीपण जात नाही. झोप नाही, तेच ते विचार. विश्वास कमी पडतो का?

बहुधा नाही. एकाच पापाची दिवसातून पन्नास वेळा क्षमा मागावी लागणं, प्रार्थना "नीट झाली नाही" म्हणून पुन्हा सुरू करणं, जगण्यात रस न राहणं, ही नैराश्याची किंवा मंत्रचळाच्या (ओसीडी) आजाराची लक्षणं असू शकतात. त्यावर औषधोपचार आहेत. १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर फुकट बोलता येतं. धारवाडची सरकारी मानसिक आरोग्य संस्था आपल्यापासून फार लांब नाही. मरण्याचे विचार येत असतील तर आजच फोन करा, घरातल्या एकाला तरी सांगा. गोळी घेतल्याने विश्वास कमी होत नाही. मधुमेहाची घेता ना?

वडील गेले. त्यांची क्षमा मागायची राहून गेली.

मेलेल्याकडून उत्तर येत नाही, आणि ते आल्याचं नाटकही करू नये. देवाकडे मागा, तो वडिलांचाही देव आहे. पुष्कळ मंडळ्यांत ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत जाण्याची रीत आहे. तिथे उभं राहून जे सांगायचं होतं ते मोठ्याने बोलायला हरकत नाही. मग पाहा की त्या भांडणात अजून कोण होतं. बहुतेक वेळा आई असते, किंवा बहीण, जी दोघांच्या मध्ये पडून दोघांचंही ऐकत राहिली. ती अजून आहे, तिचा नंबर तुमच्याकडे आहे.